चाकणचा भुईकोट

दिवाळीच्या आधीं आठ-दहा दिवस आमच्या चिंचवडच्या इमारतींत मुलांची जी लगबग सुरू होते, ती श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल. कोठून तरी माती येते, विटांचे तुकडे येतात, जुनीं पोतीं येतात, आणि बघतां बघतां जिन्याखालच्या कोपऱ्यांत सह्याद्रि उभा राहूं लागतो. गेल्या वर्षीं ह्या सह्याद्रींत थोडें बंड झालें. इतर मुलांनीं नेहमींप्रमाणें रायगड, प्रतापगड व सिंहगड वांटून घेतले. आमची कन्या, वय वर्षें दहा, म्हणाली, "मी चाकणचा किल्ला करणार." कोठेंसें दोन ओळी वाचून तें तिच्या डोक्यांत बसलें होतें. एका मुलानें विचारलें, "त्याला डोंगर केवढा करायचा?" ती म्हणाली, "त्याला डोंगरच नाहीं." झालें! मुलें खो खो हंसलीं. डोंगर नाहीं तो किल्ला कसला? ती रडवेली होऊन घरांत आली आणि म्हणाली, "बाबा, भुईकोट म्हणजे काय तें ह्यांना तुम्हीच सांगा."

मी व्यवसायानें शिक्षक. सांगावयास मला कितीसा वेळ लागणार? मीं सुरुवात केली आणि दोन वाक्यांतच अडखळलों. तट कोणत्या बाजूला शिल्लक आहे? खंदक केवढा आहे? दरवाजा कोठें आहे? मला कांहींच सांगतां येईना. आणि ह्यांतील लाजिरवाणी गोष्ट अशी कीं, आमचें मूळ गांव महाळुंगे, चाकणपासून जेमतेम दोन कोसांवर. लहानपणीं शनिवारच्या बाजाराला वडिलांबरोबर मी चाकणला शेंकडों वेळां गेलों असेन. बैलांचे दांत कसे पाहावे, कांद्याचा भाव कसा विचारावा, हें मला त्या गांवानें शिकविलें. किल्ल्यांत मात्र मीं कधीं पाऊल टाकलें नव्हतें. तेव्हां कन्येला म्हटलें, "उद्यां रविवार आहे. आपण पाहूनच येऊं."

चिंचवडहून भोसरीला व तेथून नाशिक रस्त्यानें चाकणला जावयाचें. मोशी मागें पडली कीं इंद्रायणीचा पूल लागतो, आणि पुढें चिंबळी, कुरुळी हीं गांवें. गांवें म्हणावयाचीं एवढेंच. आतां त्यांच्यामध्यें शिवार असें फारसें उरलेलें नाहीं. मालमोटारींची रांग सुटतां सुटत नाहीं. मोटारींचे सुटे भाग घेऊन जाणारी एक गाडी आणि तयार मोटारी घेऊन जाणारी दुसरी गाडी एकमेकींना अडवून उभ्या आहेत, हें दृश्य ह्या रस्त्यावर रोजचें आहे. कन्या खिडकींतून पाहत होती. ती म्हणाली, "शाएस्तेखानाला पुण्याहून चाकणला यायला किती वेळ लागला?" मीं सांगितलें, "दोन दिवस. १९ जूनला निघाला, २१ ला पोंचला." ती म्हणाली, "आपल्यालाही तितकाच लागणार." ह्या विनोदावर शेजारचे गृहस्थ मनापासून हंसले. ते रोज ह्या रस्त्यानें कामावर जाणारे असावेत.

चाकण हें गांव मोठें जुनें. गांवाला चक्रेश्वराचें देऊळ आहे, आणि दशरथ राजाच्या रथाचें चाक येथें निखळलें म्हणून चाकण, अशी कथा लोक सांगतात. कथेचें खरेंखोटें करण्याचें कारण नाहीं. परंतु चाकाशीं ह्या गांवाचें नातें आहे हें मात्र कबूल केलें पाहिजे. दशरथाच्या एका चाकापासून सुरुवात झाली आणि आज भोंवतालीं लाखांनीं चाकें तयार होत आहेत. नकाशा पाहिला म्हणजे ह्या स्थळाचें महत्त्व ध्यानांत येतें. उत्तरेस जुन्नर, दक्षिणेस पुणें, पूर्वेस अहमदनगरकडील मोकळा मुलूख, पश्चिमेस मावळ आणि त्यापलीकडे कोंकणांत उतरणारे घाट. जो कोणी ह्या वाटांवर सत्ता सांगूं म्हणेल त्याला चाकण हवेंच. १४५३ च्या सुमारास बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार ह्यानें येथेंच ठाणें केलें आणि तो कोंकणच्या स्वारीवर गेला. शिर्क्यांनीं त्याला जंगलांत नेऊन गांठलें. तो स्वतः मेला, फौज कापली गेली. जे थोडे वांचून चाकणला परतले त्यांना त्यांच्याच राज्यांतील दुसऱ्या पक्षाच्या सरदारांनीं कोंडलें, अभयाच्या शपथा दिल्या, मेजवानीला बोलाविलें आणि तेथें त्यांची कत्तल केली, असें फेरिश्ता लिहितो. हा भाग मीं मुलीला सांगितला नाहीं. दिवाळीच्या तोंडावर तो सांगण्यासारखा नव्हे.

बाजारपेठेंतून विचारीत विचारीत आम्ही निघालों. पहिल्या दुकानदारानें विचारलें, "कोणता किल्ला?" दुसऱ्यानें हात दाखविला. घरांच्या ओळींमागें अचानक तटाची भिंत पुढें आली. डोंगरी किल्ला दुरून दिसतो, चढतांना मनाची तयारी होत जाते. भुईकोटाचें तसें नाहीं. तो एकदम अंगाशीं येतो. जुन्या गॅझेटियरांत ह्या किल्ल्याचें वर्णन आहे: आकार जवळजवळ चौरस, कोपऱ्यांना बुरूज, भोंवतीं खंदक, आणि पूर्वेकडून एकामागून एक अशा पांच-सहा दरवाजांतून आंत जाण्याची वाट. हें वर्णन मनांत धरून आज जाल तर निराशा होईल. तटाचे तुकडे आहेत. कांहीं भाग अलीकडे दुरुस्त केलेला दिसतो. कोठें बुरुजाचा बुंधा आहे, कोठें नुसता मातीचा उंचवटा. खंदक कांहीं ठिकाणीं स्पष्ट दिसतो, कांहीं ठिकाणीं बुजून गेला आहे. आंत वस्ती आहे आणि विष्णूचें एक देऊळ आहे. दोरीवर कपडे वाळत होते. एक आजीबाई उन्हांत बसून लसूण सोलीत होत्या. त्यांनीं कन्येला विचारलें, "कुणाच्या घरी आलीस गं?" ती म्हणाली, "किल्ल्यावर आलें." "हा कसला वर," आजीबाई म्हणाल्या, "हा आमच्या दारातच आहे."

कन्येनें बाहेरून प्रदक्षिणा घालण्याचें ठरविलें. हातांत वही, पावलें मोजावयाचीं, आणि कोपरा आला कीं आंकडा लिहावयाचा. प्रदक्षिणा पुरी होणें अवघड होतें. मध्येंच कोणाची परसबाग, मध्येंच गोठा, मध्येंच काट्यांचें कुंपण. जेथें वाट नव्हती तेथें तिनें वहींत घराचें चित्र काढलें व पुढें गेली. मी मागून चालत होतों. खंदकाच्या कांठावर आल्यावर मला एक जुनी हकीकत आठवली. माझे एक स्नेही येथील कारखान्यांत आहेत. त्यांच्याकडे जपानचे एक अभियंते कामासाठीं राहून गेले. त्यांनीं त्यांना ओसाकाच्या किल्ल्याची गोष्ट सांगितली होती. १६१४ च्या हिवाळ्यांत तोकुगावा इयेयासु ह्यानें त्या किल्ल्याला वेढा दिला. किल्ला पडेना, तेव्हां त्यानें तह केला आणि तहाच्या निमित्तानें खंदक बुजवून टाकले. पुढच्याच वर्षीं, १६१५ त, तो पुन्हा आला आणि किल्ला पडला. त्या देशांत अशा किल्ल्यांच्या खंदकाकांठानें आईबाप मुलांना सुटीच्या दिवशीं फिरावयास नेतात, खंदकांत पाणी असतें, कांठीं झाडें असतात. मीं कन्येला ही गोष्ट सांगितली. तिनें बुजलेल्या भागाकडे पाहून विचारलें, "हा कोणत्या तहांत बुजवला?" हा कोणत्याच तहांत बुजविला नव्हता.

फिरतां फिरतां आम्ही ईशान्येच्या कोपऱ्याकडे आलों आणि तेथें बसलों. मीं तिला १६६० सालच्या वेढ्याची हकीकत सविस्तर सांगितली. आपणही ती ऐकावी अशी माझी इच्छा आहे, कारण पावनखिंड आपण सर्व जाणतों आणि त्याच महिन्यांत घडलेलें हें दुसरें प्रकरण क्वचितच कोणी आठवतें.

त्या पावसाळ्यांत शिवाजीमहाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यांत अडकले होते. अशा वेळीं औरंगजेबाचा मामा शाएस्तेखान मोठी फौज घेऊन पुण्यास उतरला. नगरकडून त्याला रसद आणावयाची होती आणि चाकण वाटेंत होतें. किल्लेदार होता फिरंगोजी नरसाळा. त्याच्यापाशीं माणसें थोडीं, आणि बाहेरून मदत येण्याचा संभव नाहीं, कारण धनी स्वतःच कोंडलेला. २१ जूनला खान चाकणला आला. त्यानें चारी बाजूंनीं मोर्चे लावले, तोफांसाठीं दमदमे उठविले. आपण मावळच्या कडेचा पाऊस जाणतां. चरांत गुडघा गुडघा पाणी, दारू ओली, तंबू सादळलेले. आंतून फिरंगोजीचे गोलंदाज दिवसां मारा करीत आणि रात्रीं निवडक माणसें बाहेर पडून मोर्चे उधळीत. १३ जुलैला बाजी प्रभूंनीं खिंड लढविली. चाकणला तो वेढ्याचा तेविसावा दिवस होता. हा हिशेब कन्येनें वहींत केला व दोनदां तपासला.

शेवटीं खानानें भुयार खणावयास घेतलें. आपल्या मोर्चापासून जमिनीखालून पुढें सरकत सरकत थेट ईशान्येच्या बुरुजाखालीं पोंचावयाचें, तेथें दारू भरावयाची आणि बत्ती द्यावयाची. पावसाळी चिखलांत हें काम किती कठीण असेल ह्याची कल्पना विहीर खणणारालाच येईल. १४ ऑगस्टला तिसऱ्या प्रहरीं सुरुंग उडाला. बुरूज वरच्या माणसांसकट आकाशांत गेला. मोगल सैन्य ओरडत खिंडाराकडे धांवलें, आणि थबकलें. बुरूज पडलेला, परंतु त्याच्या मागें आंतल्या बाजूला मातीचा एक उंच बांध उभा! आंतल्या लोकांनीं ही दुसरी फळी रचून ठेविली होती. त्या बांधाआडून ते लढले. खानाच्या लोकांना ती रात्र उघड्यावर, तुटलेल्या बुरुजाच्या दगडांत काढावी लागली. दुसऱ्या दिवशीं, १५ ऑगस्टला, त्यांनीं पुन्हा चाल केली, तट घेतला, आणि फिरंगोजीनें बुंदीच्या भावसिंग हाडा ह्याच्या मध्यस्थीनें किल्ला खालीं केला. खानाकडील २६८ माणसें मेलीं आणि ६०० जखमी झालीं. एवढ्याशा भुईकोटासाठीं! खानानें फिरंगोजीला बादशाही चाकरी देऊं केली. त्यानें ती नाकारली आणि तो महाराजांकडे परत गेला. मोगलांनीं चाकणचें नांव इस्लामाबाद ठेविलें. नांव गेलें, चाकण राहिलें. पुढें किल्ल्याचे धनी बदलत गेले, आणि १८१८ त इंग्रजांनीं पेशव्यांकडून तो घेतला.

कन्या मातीचा बांध ऐकून फार खूष झाली. "म्हणजे त्यांनीं पण मातीचाच किल्ला केला!" मग थोडा वेळ गप्प राहून तिनें विचारलें, "पण शेवटीं हरला ना?"

शिक्षकापाशीं अशा प्रश्नांना तयार उत्तरें असतात. मी म्हटलें, "हरला, परंतु—"

"परंतु नको. हरला कीं नाहीं?"

"हरला."

"मग महाराज रागावले नाहींत?"

"नाहीं. त्यांनीं त्याचा गौरव करून त्याला भूपाळगडाची किल्लेदारी दिली, असें इतिहासकार लिहितात. सपाटीवरचा एक कोट घ्यावयाला छपन्न दिवस लागतात, तर डोंगरावरच्या किल्ल्यांना किती लागतील, हा हिशेब खानानेंही केला असेलच."

"म्हणजे देण्याच्या आधीं किती दिवस 'नाहीं' म्हटलें, तें महाराजांनीं मोजलें," ती म्हणाली. मीं हें वाक्य तिला शिकविलेलें नव्हतें.

आम्ही उंचवट्यावर उभे राहिलों. पश्चिमेला कारखान्यांचीं लांबच लांब पत्र्याचीं छपरें उन्हांत चमकत होतीं. तिनें विचारलें, "आपलें शेत कोणत्या बाजूला होतें?" मीं हात केला, परंतु बोट नेमकें कोठें ठेवावें हें मला कळेना. पूर्वी एक जांभळीचें झाड खूण म्हणून पुरे. आतां सर्वच छपरें सारखीं. "तिकडे कोठें तरी," असें मीं म्हटलें.

"आबांनीं मागितल्याबरोबर दिलें?"

श्रोतेहो, ह्या प्रश्नाचें उत्तर मला ठाऊक नव्हतें. कारखान्यांसाठीं जमिनी गेल्या तेव्हां मी पुण्यास शिकत होतों. सुटींत घरी आलों तों आमची साडेतीन एकर जमीन गेलेली होती, पैसे आलेले होते, आणि त्यांतूनच पुढें चिंचवडचें घर झालें, माझें शिक्षण पुरें झालें. मीं वडिलांना कांहीं विचारलें नाहीं. परंतु मनांत एक गोष्ट धरून ठेविली, कीं ह्यांनीं बाजरीचें पोतें विकावें तशी जमीन विकली. त्यांच्याच घरांत राहून, त्यांच्याच पैशानें शिकून, मीं हा आरोप पंचवीस वर्षें मनांत ठेविला होता. उघड बोललों असतों तर निदान भांडण तरी झालें असतें.

परततांना बसमध्यें ती माझ्या खांद्यावर डोकें ठेवून झोंपली. वहींतील चार आंकडे व सात घरांचीं चित्रें मी पुन्हा पुन्हा पाहत होतों.

रात्रीं जेवणें झाल्यावर आबा गॅलरींत बसले होते. तिनेंच विचारलें, माझ्यानें तें झालें नसतें. "आबा, शेत द्यायच्या आधीं तुम्ही किती दिवस नाहीं म्हणालात?"

आबांनीं माझ्याकडे पाहिलें, मग तिच्याकडे. "दोन पावसाळं," ते म्हणाले. "शेजारच्यांनी दिलं तवा आपली वाट बंद झाली. गाडी न्यायची कुठनं? तरी मी डोक्यावर बी नेऊन पेरलं एक साल. मग हिरीचं पानी गेलं. मग तुझ्या आजीनं सांगितलं, आता पोराच्या शिक्षनाला तरी घालू." थोडें थांबून माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कवा इचारलंच न्हाईस."

मी काय बोलणार? "चुकलं, आबा," एवढेंच म्हटलें. त्यांनीं हात हलविला. माशी उडवावी तसा. मग ते कन्येला म्हणाले, "खंदकात पानी घालनार का न्हाई?"

दुसऱ्या दिवसापासून जिन्याखालीं तीन पिढ्यांचें काम सुरू झालें. पावलांच्या आंकड्यांचें प्रमाण लावून मीं चौकोन आंखून दिला. एवढाच माझा उपयोग. खंदकांतील पाणी कांहीं केल्या ठरेना. घातलें कीं जिरे, आणि मुलें हंसत. आबांनीं कोठून तरी चिकण माती मिळविली, ती भिजवून मळली, खंदकाच्या तळाला व कडांना हातानें लिंपली, आणि एक दिवस वाळूं दिली. त्यांचे हात त्या मातींत चालूं लागले तेव्हां मीं पाहिलें कीं, ते हात पंचवीस वर्षांत कांहीं विसरलेले नाहींत. कन्येनें पूर्वेला दरवाजे केले. सहा करावयाचे होते. जागा पुरेना म्हणून चार केले. ईशान्येचा बुरूज तिनें मुद्दाम ढांसळलेला ठेविला. मोगलांच्या बाजूला उभे करण्यास बाहुलीं कमी पडलीं, तेव्हां प्रतापगडवाल्यांकडून अफझलखानाचीं माणसें उसनीं आणलीं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं इमारतींतील मंडळी किल्ले पाहावयास उतरली. ज्या मुलानें डोंगराची उंची विचारली होती तो खालीं वांकून म्हणाला, "अरे, ह्यांचा बुरूज तर पडला!" कन्या म्हणाली, "पडला नाहीं, उडवला. आतां ह्या बाजूनें बघ." तो पलीकडे गेला, गुडघ्यांवर बसला आणि तुटलेल्या बुरुजामागच्या मातीच्या बांधाकडे पाहूं लागला. त्याच्या आड तिनें दाटीवाटीनें आठ मावळे बसविले होते.

सकाळीं उठून मीं पहिल्यानें खंदक पाहिला. पाणी होतें तेवढेंच होतें. आबा माझ्या आधींच तेथें येऊन उभे होते.